कायमस्वरूपी संग्रह आणि विशेष प्रदर्शन : तिकीट काढण्यापूर्वी

एखाद्या मोठ्या शहरातले कलासंग्रहालय पाहायचे ठरले की आपण साप्ताहिक सुट्टीचा वार आणि तिकिटाचा दर आधी पाहतो. त्याहीपूर्वी ठरवायला हवे ते हे, की आपल्याला पाहायचे असलेले चित्र संग्रहालयाच्या कायमस्वरूपी संग्रहातले आहे की काही महिन्यांपुरते भरलेल्या विशेष प्रदर्शनातले. दोन्ही एकाच छपराखाली असल्यामुळे त्यांची गल्लत सहज होते आणि दूरवरून आलेला माणूस हव्या त्या चित्राविना परततो.

कायमस्वरूपी संग्रह म्हणजे संग्रहालयाच्या स्वतःच्या मालकीच्या कलाकृती. 'कायमस्वरूपी' हा शब्द मालकीला लागू आहे. ती कलाकृती बारा महिने भिंतीवर असेल, असा त्याचा अर्थ नव्हे. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयाकडे सुमारे ५ लाख वस्तू आहेत, पण दालनांत साधारण ३५,००० मांडलेल्या असतात. जागेची अडचण हे त्याचे एक कारण, आणि कागदावरच्या कामांच्या बाबतीत प्रकाश हे त्याहून मोठे कारण. प्रकाशाने फिके पडलेले रंग पुन्हा उजळत नाहीत. म्हणून तैलचित्रांना साधारण २०० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) प्रकाश चालत असला, तरी जलरंग आणि रेखाटने ५० लक्सच्या आसपासच ठेवतात आणि काही महिन्यांनी त्यांना पुन्हा अंधारात विश्रांती देतात. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०२ मध्ये जलरंगात रंगवलेला ससा व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयाच्या मालकीचा आहे. त्याच्या अंगावरचा केस न् केस सुटा दिसतो, डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब उमटलेले आहे. पण मूळ चित्र क्वचितच बाहेर काढले जाते आणि एरवी तिथे त्याची प्रतिकृती असते. ज्याला तो ससा प्रत्यक्ष पाहायचा आहे, त्याने प्रवासाचे तिकीट काढण्याआधी संग्रहालयाकडे चौकशी केलीच पाहिजे.

विशेष प्रदर्शनात बहुधा इतर संग्रहालयांकडून आणि खासगी संग्राहकांकडून उसन्या आणलेल्या कलाकृती एकत्र येतात आणि मुदत संपताच आपापल्या घरी जातात. २०२३ मध्ये आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या आज ज्ञात असलेल्या सुमारे ३७ चित्रांपैकी २८ एकत्र आणली. प्रदर्शन १० फेब्रुवारी ते ४ जून असे होते, तरी सगळी तिकिटे सुरुवातीच्या काही दिवसांतच संपली. शिवाय त्याचे मोत्याचा डूल घातलेल्या तरुणीचे चित्र मार्चअखेरीसच हेगच्या मॉरित्सहाउस या आपल्या मूळ संग्रहालयात परतले. म्हणजे एप्रिलचे तिकीट हाती असूनही ते तिथे दिसणार नव्हते. उलट, फेब्रुवारी-मार्चमध्ये जो खास त्या चित्रासाठी हेगला गेला, त्यालाही ते भेटले नाही. एका ठिकाणचे विशेष प्रदर्शन दुसऱ्या ठिकाणच्या कायमस्वरूपी संग्रहात अशी रिकामी जागा करते.

तिकिटाचे गणितही निराळे आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कायमस्वरूपी संग्रह विनामूल्य पाहता येतो, मात्र मोठ्या विशेष प्रदर्शनांना सहसा वेगळे तिकीट लागते. अशा तिकिटावर पुष्कळदा प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि ती चुकवून चालत नाही. मूळ मालकांच्या अटींमुळे अनेक प्रदर्शनांत छायाचित्रे काढायलाही मनाई असते.

दालनात उभे असताना हा फरक ओळखण्याची जागा म्हणजे चित्राशेजारची लहानशी पाटी. तिची शेवटची ओळ बहुतेक जण वाचत नाहीत, आणि मला तीच सर्वांत बोलकी वाटते : चित्र विकत घेतलेले आहे, देणगीदाखल मिळालेले आहे की उसने आहे, हे तिथे लिहिलेले असते. दीर्घ मुदतीच्या उसनवारीची चित्रे तर कायमची वाटू लागतात. पिकासोचे 'गेर्निका' हे चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात कित्येक दशके होते, पण ते ठेवीसारखेच होते आणि १९८१ मध्ये स्पेनला गेले.

दोन्ही एकाच दिवशी पाहायचे असतील, तर विशेष प्रदर्शनाची वेळ सकाळची घ्यावी आणि उरलेल्या दिवसासाठी कायमस्वरूपी संग्रहातली दोन-तीनच दालने निवडून ती उघडी आहेत ना, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे.