पाला पेटवू नका, आम्हालाही सांगू नका
(बागकाम सेवेच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार,

थंडी पडली की आमच्या माळीदादांना हमखास ऐकावं लागतं, "एवढा पाला कुठे नेत बसता, कोपऱ्यात काडी लावा ना." आमचा माणूस काडी लावणार नाही. कृपया त्याला आग्रह करू नका.

नाशिकच्या थंडीत रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि वरच्या थरात त्या मानाने उबदार हवा असते. त्यामुळे सकाळी सातला पेटवलेल्या पाल्याचा धूर वर जात नाही. तो कंपाउंडवरून आडवा शेजाऱ्यांकडे जातो आणि वाळत घातलेल्या कपड्यांत, दमेकरी आजोबांच्या खोलीत शिरतो. गंगापूर रोडचा बंगला असो की इंदिरानगरचं रो-हाउस, मधे भिंत एकच. दवाने भिजलेला पाला तर नीट जळतही नाही, तासन्‌तास धुमसतो. शिवाय झाडून काढलेल्या ढिगात नर्सरीच्या काळ्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या असतातच. कण्हेरीच्या फांद्या असतील तर त्यांचा धूरही विषारी.

"धुराने डास जातात" हे अर्धंच खरं. धूर विरला की ते परत येतात, कारण त्यांचं घर कुंडीखालच्या ताटलीतल्या पाण्यात आहे. ती ताटली आधी उपडी करा.

कायद्याचंही सांगून ठेवतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. बागेचा पालाही कचऱ्यातच धरला जातो.

मग पाल्याचं करायचं काय? निम्मा तर झाडांच्या आळ्यातच पसरा, दोन-तीन इंच जाड, खोडापासून चार बोटं लांब. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी निम्म्या वेळा घालावं लागलं तर आश्चर्य वाटायला नको. उरलेल्याचं खत करा. कोपऱ्यात तीन फूट उंच जाळीचं गोल कडं उभं करून पाल्याचा एक थर, त्यावर शेणकाला किंवा आंबट ताक-गूळ, असं रचत जा. ओल एवढीच हवी की मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. वास आला तर पाणी जास्त झालंय, कोरडा पाला घाला. पंधरा दिवसांनी एकदा वर-खाली केलंत तर साधारण तीन-चार महिन्यांत खत होतं. बदाम आणि फणसाची जाड पानं मात्र चिवट असतात, ती आधी लॉनमोवरखाली चुरून घ्या. ढीग उकरताना हात घालू नका, फावडं वापरा. उबेला घोणस येऊन बसू शकते.

द्राक्षबागायतदारही आता छाटणीच्या काड्या यंत्राने बारीक करून बागेतच टाकू लागलेत, मग आपण चार झाडांसाठी आग कशाला लावायची?

सोसायटीच्या वॉचमनची शेकोटी हा जरा वेगळा विषय. त्याला थंडी खरीच वाजते, म्हणून नुसतं ओरडू नका. जाड कांबळं आणि केबिनमध्ये हीटर द्या. काही न देता शेकोटी बंद करायला सांगणं आम्हाला पटत नाही. होळीसाठी पाल्याच्या गोण्या मागायला येणाऱ्यांनाही आम्ही त्या देत नाही.

शेजारीच जाळत असतील तर आधी हे पत्रक दाखवा, तक्रार नंतर. दोन घरांत मिळून एकच खताचं कडं चालतं, ते उभं करून द्यायला आम्ही येतो. जाड फांद्या टेम्पोने न्यायच्या असतील तर छाटणीच्या आदल्या दिवशी माळीदादांना सांगा, त्याचा दर वेगळा पडतो.