पार्श्वभूमी : रिमिनीत न घडलेला ‘रिमिनी ब्लू’

१९५०-६० च्या दशकांतल्या इटालियन सिरॅमिक प्राण्यांच्या बाजारात सगळ्यात वजनदार शब्द आहे ‘रिमिनी ब्लू’. अंगभर ठशांची नक्षी आणि गडद निळ्यात मिसळलेली मोरपिशी झिलई दिसली, की विक्रेता हे दोन शब्द लिहून मोकळा होतो. मग तो घोडा असो, घुबड असो की गुबगुबीत मांजर. किंमतही त्यासरशी चढते. घोळ सुरू होतो तो या शब्दापासूनच.

रिमिनी हे एड्रियाटिक किनाऱ्यावरचं शहर. ‘रिमिनी ब्लू’ हे बितोस्सी या कारखान्याच्या मालिकेचं नाव, पण ती मालिका तिथे घडली नाही. ती घडली पार दुसऱ्या अंगाला, तस्कनीत, फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीकाठच्या मोंतेलूपोत. पैठणी येवल्यात विणली जाते, पण तिच्या नावामागे पैठणचा विणकामाचा इतिहास तरी आहे. इथे तेवढाही आधार नाही. कारखान्याने मालिकेला दिलेलं ते नाव आहे, बस्स. मोंतेलूपोचा स्वतःचा वारसा मात्र भक्कम. रेनेसाँच्या काळात इथली रंगीत भांडी दूरदेशी जात, आणि १९७३ मध्ये गावातल्या एका जुन्या विहिरीत वाया गेलेल्या भांड्यांचे थरच्या थर सापडले.

आज संग्राहक ज्यासाठी धडपडतात ते सारं युद्धानंतरचं. दक्षिण आफ्रिकेत युद्धकैदी म्हणून दिवस काढून परतलेला आल्दो लोंदी हा स्थानिक कारागीर १९४६ मध्ये याच बितोस्सी कारखान्याचा कलादिग्दर्शक झाला; ‘रिमिनी ब्लू’ मालिका त्याचीच. तेव्हा इटलीला डॉलर हवे होते आणि अमेरिकेला नव्या घरांत मांडायला वस्तू. १९५० च्या अखेरीस ब्रुकलिनमधल्या एका संग्रहालयात इटालियन हस्तकलेचं मोठं प्रदर्शन भरलं आणि पुढे काही वर्षं ते अमेरिकाभर फिरलं. न्यूयॉर्कच्या आयातदारांच्या मागण्या मोंतेलूपोत येऊन पडू लागल्या.

प्राणी साच्यातून निघत. ठसे मात्र हाताने, माती ओलसर असतानाच उमटवले जात. त्यामुळे एकाच साच्यातले दोन बैल तंतोतंत सारखे नसतात. झिलई खळग्यांत साचून गडद होते, उंचवट्यांवर विरळ राहते. हा रंगाचा खेळ छायाचित्रात निम्माही दिसत नाही.

मग ‘रिमिनी ब्लू’ म्हणजे नेमकं काय? काहींच्या लेखी ती फक्त झिलई. काहींच्या लेखी झिलई आणि ठसे मिळून होणारी एका कारखान्याची सजावट. बाजाराच्या लेखी मात्र निळं आणि इटालियन असलं की पुरे. तिसऱ्या अर्थाने सगळ्यात जास्त नुकसान केलंय. आसपासच्या गावांत ठशांचं निळं काम करणारे इतरही कारखाने होते, त्यांतले काही चांगल्या हाताचे. त्यांचा माल आज परक्या नावाने विकला जातो. उलट बाजूने, या मालिकेतले साचे नारिंगी-हिरव्या झिलईतही वापरले गेले. त्यामुळे ‘हिरवा रिमिनी ब्लू’ अशी जाहिरात वाचायला मिळते, आणि गंमत म्हणजे ती लिहिणारा पूर्ण चुकलेला नसतो. दुसरा अर्थ धरणं हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग, कारण मालिकेचं नाव मालिकेलाच लावावं. पण त्या अर्थाने नग कमी भरतात, म्हणून विक्रेत्यांना तो रुचत नाही.

घोळाचं दुसरं मूळ बुडाशी आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यापासून आयात मालावर मूळ देशाचं नाव आवश्यक झालं, बनवणाऱ्याचं नाही. म्हणून बुडावर ब्रशने ‘इटली’ आणि एखादा आकडा लिहिलेला दिसतो. वर चिकटवलेला कागद पुष्कळदा आयातदाराचा असे, आणि चार धुण्यांत तो निघून जाई. जिथे तो टिकला तिथे आयातदारच घडवणारा ठरला. हे दुकानदाराच्या सोयीचं होतं. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या सोयीचं खचितच नव्हतं. आकड्यांवरून ओळख पटवू पाहणारे हौशी बरेच आहेत, पण आकड्यांची पद्धत कारखान्यागणिक वेगळी असल्याने निव्वळ आकडा पाहून पैसे मोजू नयेत.

गेल्या काही दशकांत मध्यशतकातल्या फर्निचरची हौस परतली, ऑनलाइन लिलाव आले आणि घरोघरच्या फडताळांतले प्राणी बाहेर पडले. कारखान्यानेही जुन्या साच्यांवरून निळे प्राणी पुन्हा काढले, आणि २०२१ मध्ये जुन्या इमारतीतच आपल्या कामाचं संग्रहालय उघडलं. पुनर्निर्मितीला नकली म्हणणं अन्यायाचं आहे; साचा तोच, गाव तेच. वाद होतो तो नवा नग साठ वर्षांपूर्वीचा म्हणून खपवला जातो तेव्हा. नव्या नगांवर बहुधा कारखान्याचं नाव ठळक असतं, त्यामुळे आता काही खरेदीदार उलटा हिशोब मांडतात : बुडावर नाव नाही ना, मग बरंय.