हीटर गार हवा फेकतोय म्हणजे हीटर कोअर गेला? थांबा जरा

गाडीचा हीटर गरम हवा देईना की लोक लगेच सांगतात, "कोअर गेला, बदलून टाक." आता हे कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर, बऱ्याच गाड्यांत तो काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणजे नुसत्या अंदाजावर हात घालायचं कामच नाही हे.

आधी इंजिन थंड असताना कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं पाणी) बघा, कमी असेल किंवा लाईनमध्ये हवा अडकली असेल तर कोअरपर्यंत गरम पाणी पोचतच नाही (गरम इंजिनवर रेडिएटरची कॅप उघडायची नाही हां, भाजून निघाल). मग टेम्परेचरचा काटा बघा, बराच वेळ चालवूनही तो खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बहुधा उघडीच अडकलीय.

काटा नॉर्मल आहे? मग फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) आत कोअरकडे जाणारे दोन पाईप जपून चाचपा. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट, तर कोअर चोंदलाय किंवा कोअरकडे पाणी सोडणारा हीटर व्हॉल्व्ह नीट उघडत नाहीये, आणि चोंदलेला कोअर कधीकधी उलट्या बाजूनं पाणी सोडून फ्लश केला तरी सुटतो. दोन्ही गरम आणि हवा तरी गार, तर ब्लेंड डोअर, म्हणजे गरम-गार हवा मिसळणारी झडप अडकलीय, कोअर बिचारा ठणठणीत.

कोअर खरंच बदलायचा तो गळतोय तेव्हा: गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुरकट थर, पायाखालचं कार्पेट ओलं.