पायी अंतरातली मुंबई: गिरणगाव आणि दादर-माटुंग्याची पार्श्वभूमी

शाळा, दवाखाना, बाजार आणि शक्यतो नोकरीही घरापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर असावी, हा विचार पॅरिसच्या तत्कालीन महापौर आन इदाल्गो यांनी 2020 च्या निवडणुकीत मांडला आणि तो जगभर चर्चिला गेला. मुंबईला मात्र तो नवा नाही. 1920 च्या दशकात दर दहा गिरणी कामगारांपैकी सुमारे नऊ जण कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या अंतरात राहत, असे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी नोंदवले आहे. ही जवळीक कोणा नगररचनाकाराने आखलेली नव्हती. तिच्यामागे नाइलाज होता.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये पहिल्या कापड गिरणीचा पाया घातल्यानंतर ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग या पट्ट्यात गिरणगाव उभे राहिले. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजाने घेतल्या जाणाऱ्याला, सकाळी गिरणीच्या दारात हजर राहिल्यावरच काम मिळे, आणि ते द्यायचे की नाही हे जॉबरच्या, म्हणजे कामगार नेमणाऱ्या मुकादमाच्या, हाती असे. त्यामुळे दूर राहणे परवडणारे नव्हते. शिवाय संपाच्या किंवा बेकारीच्या दिवसांत उधारी देणारा वाणी आणि गावकीतली माणसे याच गल्ल्यांत होती. एकट्या पुरुषांचे जेवण खानावळींवर चाले, आणि त्या चालवणाऱ्या बायकांना घर न सोडता मिळकत होई. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच बायकांमधून उभे राहिले. पायी अंतराचा खरा लाभ चालण्याच्या सोयीपेक्षा ओळखीतून मिळणाऱ्या या उधारीत आणि आधारात होता, असे मला वाटते.

याची किंमत दाटीने मोजली गेली. एकेका खोलीत अनेक माणसे, सामाईक संडास, कोंदट जिने अशी राहणी सर्वत्र होती. 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा शहर हादरले, आणि 1898 मध्ये शहरसुधारणेसाठी बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथे नवी वसाहत आखली. तिथल्या इमारती बेताच्या उंचीच्या होत्या. त्यांच्याभोवती मोकळी जागा सोडली होती, आणि फाइव्ह गार्डन्ससारखी उद्याने, शाळा व पुढे रुईया, पोदार, खालसा ही महाविद्यालये चालत जाण्याच्या अंतरावर आली. शाळेभोवती वसलेल्या शेजारवस्तीची कल्पना अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी यांनी 1929 मध्ये मांडली. इथली आखणी त्याआधीची आहे.

तरीही ही वस्ती सर्वांसाठी नव्हती. पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही नावेच पुरेशी बोलकी आहेत, आणि गिरणगावातल्या चाळींतही जातीजातींच्या खोल्या वेगळ्या असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी (म्हणजे याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत दीर्घकाळ राहिले आणि 1930 च्या दशकात हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून तेथे गेले. एका पायी अंतराच्या मुंबईतून दुसरीत झालेले असे स्थलांतर फार थोड्यांच्या वाट्याला आले.

1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. परिणामी पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, छोटा दवाखाना मोक्याच्या जागीही टिकून राहिले. पण मालकांनी डागडुजी सोडली आणि इमारती खिळखिळ्या झाल्या. माझ्या मते या कायद्याचे मूल्यमापन एका वाक्यात होऊ शकत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कामाचा धागा तुटला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीसाठी मोकळ्या केल्या. लोअर परळला कार्यालये आली, पण त्यांत काम करणारे विरार, कल्याण, डोंबिवलीहून लोकलने येऊ लागले. ज्या भागात कामगार पायी येत, तिथल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर 29 सप्टेंबर 2017 रोजी चेंगराचेंगरीत 23 जणांचा मृत्यू झाला.

दादरमध्ये आजही भाजी, औषधे, पुस्तके, शाळा सारे हाताशी आहे. मात्र त्याच सोयीमुळे घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या आहेत, आणि पदपथावर फेरीवाले, दुकानांचा वाढीव माल व उभ्या दुचाकी यांतून वाट काढावी लागते. फेरीवाल्याला हटवले तर स्वस्त भाजी जाते, ठेवले तर वृद्धांना रस्त्यावर उतरावे लागते. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळींतील 160 चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी आता 500 चौरस फुटांची घरे मिळत आहेत, आणि रहिवाशांच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. मात्र उंच इमारतीचा देखभाल खर्च त्यांना पेलेल का, आणि चाळीखालच्या वाण्याला नव्या आवारात परवडणाऱ्या भाड्याचा गाळा मिळेल का, यावर तिथली पायी अंतरातली सोय टिकणे अवलंबून आहे.