फोटोत नंतर बसवलेला माणूस: थोडी पार्श्वभूमी

एका फोटोतला माणूस उचलून दुसऱ्यात बसवणं आता फोनवर एक वाक्य टाइप करून होतं, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं एआयनेच आणलं. तसं अजिबात नाहीये. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर १८६५ साली काढलेला एक प्रसिद्ध ग्रुप फोटो आहे, मधे सेनापती आणि भोवती त्याचे जनरल, त्यातला उजव्या टोकाचा जनरल मूळ फोटोच्या वेळी हजरच नव्हता, त्याचा फोटो नंतर जोडलाय. आपल्याकडे राजस्थानातल्या नाथद्वाऱ्यात भक्तांच्या चेहऱ्यांचे फोटो कापून श्रीनाथजींच्या चित्रात चिकटवायचे आणि कडा रंगाने बुजवायच्या. म्हणजे हौस जुनीच.

पण खरी मजा फोटोशॉपनंतर आली. १९९० ला पहिली आवृत्ती आली तेव्हा लेयर, म्हणजे एकावर एक ठेवून वेगवेगळे हलवता येणारे थर, नव्हते, माणूस पेस्ट करून सिलेक्शन सोडलं की तो मागच्या फोटोत कायमचा मुरला, मग हात जरा वर हवा होता वाटलं तरी काही करता यायचं नाही. १९९४ च्या ३.० मधे लेयर आले आणि काम करायची पद्धतच बदलली. २००२ ला ७.० मधे हीलिंग ब्रश, म्हणजे डाग आजूबाजूच्या रंगात मिसळून पुसणारं टूल, आला आणि हीच ती आवृत्ती जी आपल्याकडे तालुक्या-तालुक्यातल्या स्टुडिओत वर्षानुवर्षं चालली. लग्नाच्या अल्बममधे न आलेला मामा, चौकातल्या फ्लेक्सवर नेत्याशेजारी उभा कार्यकर्ता, आणि आजोबांचा एकच पासपोर्ट फोटो घेऊन आलेली माणसं, की यांना आजीशेजारी बसवून द्या. स्टुडिओतल्या या मुलांना कोणी कारागीर म्हटलं नाही, पण ते कारागीरच होते, माझं तरी हेच मत आहे.

कारण कापणं हा यातला सोपा भाग. पेन टूलने कड घेतली, एक पिक्सल फेदर दिला, म्हणजे कड जराशी मऊ केली, झालं. अडायचं ते उजेडावर. माणसावर ऊन डावीकडून पडतंय आणि बाकीच्यांवर उजवीकडून, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण काहीतरी खटकतं. मग पायाखालची सावली, ती नसली की माणूस तरंगतो. मग कॅमेऱ्याची उंची, ट्यूबलाइटखालचा हिरवट रंग, आणि ग्रेन, म्हणजे मागचा फोटो जुना दाणेदार आणि माणूस गुळगुळीत, हे तर लगेच कळतं. २००३ ला संशोधकांनी एक गणिती पद्धत मांडली, त्यात पिक्सलचे रंग जसेच्या तसे न उचलता रंगातले चढउतार उचलायचे आणि कडेला मागच्या फोटोचा रंग धरून बाकीचं भरून काढायचं. जोड दिसेनाशी झाली, पण उजेडाची दिशा त्यानेही बदलत नाही. म्हणूनच २००५ च्या सुमारास खोटे फोटो पकडायचं संशोधन जोरात आलं तेव्हा तेही उजेडाच्या दिशेवरच बोट ठेवून होतं.

आता ज्या प्रकरणावर मला जास्त बोलायचंय ते २००० सालचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाने प्रवेशाच्या पुस्तिकेच्या कव्हरवर फुटबॉल मॅच बघणाऱ्या विद्यार्थ्यांचा फोटो छापला, सगळे गोरे, आणि त्यात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा दुसऱ्या फोटोतून आणून बसवला. तो त्याच विद्यापीठात शिकत होता, पण मॅचला कधी गेलाच नव्हता. विद्यार्थ्यांच्याच पेपरने हे बाहेर काढलं. विद्यापीठाचं म्हणणं असं की आम्हाला सगळ्या प्रकारचे विद्यार्थी दाखवायचे होते, तसा फोटो सापडला नाही. शेवटी माफी मागून पुस्तिका पुन्हा छापली. काही जणांचं म्हणणं होतं की यात खोटं काय, मुलगा तर खरंच तिथला आहे. मला हे अजिबात पटत नाही. १८६५ चा जनरल त्या सेनापतीबरोबर खरंच लढला होता, फोटोच्या वेळी नव्हता एवढंच. इथे मात्र गर्दीत या विद्यार्थ्यासारखं कोणी दिसत नव्हतं हीच तर त्या फोटोतली खरी माहिती होती, आणि तीच झाकली. आणि ज्याचा चेहरा वापरला त्याला विचारलंसुद्धा नाही! त्या मुलाने केस केली आणि मागणी स्वतःच्या भरपाईची नाही तर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी पैसे ठेवण्याची केली.

हाच वाद वेगळ्या रूपात २०२४ च्या ऑगस्टमधे परत आला. गुगलच्या पिक्सल ९ फोनमधे ‘ॲड मी’ आलं, म्हणजे फोटो काढणाऱ्याने आधी ग्रुपचा फोटो काढायचा, मग फोन दुसऱ्याकडे देऊन स्वतः जाऊन उभं राहायचं, फोन दोन्ही जोडतो. सगळे त्या जागी होते, फक्त एका क्षणी नव्हते. याला खोटा फोटो म्हणणं मला तरी जड जातं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. २०२३ ला फोटोशॉपमधे जनरेटिव्ह फिल, म्हणजे लिहून सांगितलं की निवडलेली जागा एआयने भरणं, २०२५ च्या ऑगस्टमधे गुगलच्या जेमिनीचं नॅनो बनाना हे फोटो बनवणारं-बदलणारं मॉडेल, आणि पुढच्याच महिन्यात आपल्याकडे त्यावर स्वतःचे साडीतले फोटो बनवायची लाट. यात कापून चिकटवणं उरलंच नाही, मॉडेल सगळा फोटो नव्याने रंगवतं, त्यामुळे उजेड आणि सावली बऱ्याचदा आपोआप जमते पण चेहरा थोडा सरकतो, नाक जरा बारीक, हनुवटी वेगळी. आजोबांच्या फोटोत हे फार लागतं, कारण घरच्यांना तोच चेहरा हवा असतो, तसा दिसणारा दुसरा कोणी नाही.

कायदा सगळ्यात मागून आला. २०२५ च्या ऑक्टोबरमधे केंद्र सरकारने नियमांचा मसुदा काढला, त्यात एआयने असं बनवलेल्या चित्राच्या किमान १० टक्के जागेवर लेबल हवं असं होतं. २०२६ च्या फेब्रुवारीतल्या अंतिम नियमांत ती १० टक्क्यांची अट गेली, लेबल राहिलं, आणि सद्हेतूने केलेल्या नेहमीच्या एडिटिंगला सूट मिळाली, फक्त त्याने मूळ आशय बदलायला नको. रंग सुधारणं यात बसतं हे उघड आहे. आजीशेजारी बसवलेले आजोबा यात बसतात का, हे मात्र नियम वाचून सरळ ठरवता येत नाही, आणि स्टुडिओत सगळ्यात जास्त काम त्याचंच असतं.