दूरचा भूकंप, घरचा लंबक

नाशिकमध्ये भूकंपाची बातमी आली की हादरा बहुतेक वेळा दिंडोरी, पेठ किंवा सुरगाण्याकडचा असतो आणि नोंद ‘मेरी’तली असते. दिंडोरी रोडवरच्या या संस्थेचं पूर्ण नाव महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. धरणांच्या परिसरातल्या धक्क्यांवर तिचं लक्ष असतं. त्यामुळे भूकंपमापक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरकारी इमारतच येते. जपानचा भूकंप माझ्या जिन्याखालच्या घरगुती भूकंपमापकावर उमटतो असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, “इथे जाणवतो का हो?”

जाणवत नाही. आठ-साडेआठ रिश्टरच्या दूरच्या भूकंपात नाशिकची जमीन एखाद-दोन मिलिमीटर सरकूही शकते, पण एका झोक्याला वीस सेकंद घेऊन. एवढी संथ हालचाल माणसाच्या अंगाला कळत नाही आणि भिंतीवरचं कॅलेंडरही हलत नाही. ती पकडायची तर उपकरण नाजूक असण्यापेक्षा सुस्त असावं लागतं. घरगुती भूकंपमापनाचा सगळा इतिहास या सुस्तीच्या शोधाचा आहे.

सुरुवात चुकून झाली. एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ चंद्राच्या ओढीनं ओळंबा किती ढळतो ते मोजत होता. त्यासाठी त्यानं पॉट्सडॅम आणि विल्हेल्म्सहाफेन इथे आडवे लंबक बसवले होते. १७ एप्रिल १८८९ ला दोन्हीकडच्या फोटोच्या कागदावरची रेघ अचानक विस्कटली. पुढे नियतकालिकात जपानमधल्या भूकंपाची बातमी त्याच्या वाचनात आली, वेळा जुळल्या आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा भूकंप पहिल्यांदा ओळखला गेला. हा माणूस क्षयानं आजारी होता. १८९५ मध्ये, पस्तिशीही ओलांडायच्या आत, गेला.

हे होऊ शकतं असं जॉन मिल्न १८८३ मध्येच लिहून बसला होता. खाणकाम शिकवायला १८७६ मध्ये जपानला गेलेला हा इंग्रज १८८० च्या योकोहामा भूकंपानंतर या विषयात पुरता बुडाला. १८९५ मध्ये आगीत त्याचं टोकियोतलं घर आणि ग्रंथसंग्रह जळाला. त्याच वर्षी तो जपानी पत्नी तोने हिच्यासह इंग्लंडला परतला आणि आइल ऑफ वाइट बेटावर शाइड इथल्या राहत्या घरी त्यानं वेधशाळा थाटली. जगभरच्या केंद्रांच्या नोंदी तिथे येत आणि तिथूनच छापून निघत. छंदिष्टांची टिंगल करणाऱ्यांना मी हे मुद्दाम ऐकवतो: जगातलं पहिलं भूकंप-जाळं एका घरातून चालत होतं.

त्या जाळ्यात आपणही होतो. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपानंतर १८९८ मध्ये कलकत्त्याच्या अलिपूरला मिल्नचं यंत्र बसलं. मुंबईत कुलाब्याला आणि कोडाईकनालला त्याच सुमारास. त्याच भूकंपाच्या युरोपात उमटलेल्या नोंदी तपासून भूशास्त्रज्ञ रिचर्ड ओल्डहॅमनं सगळ्यांत आधी पोचणारे पी तरंग, त्यांच्यामागून येणारे एस तरंग आणि जमिनीच्या पृष्ठभागावरून शेवटी येणारे पृष्ठतरंग वेगळे करून दाखवले. १९०६ मध्ये याच वाटेनं पृथ्वीला गाभा आहे हे त्यानं सांगितलं.

आता ती सुस्ती येते कुठून ते पाहू. साध्या टांगलेल्या लंबकाचा एक झोका वीस सेकंदांचा हवा असेल तर दोरी जवळपास शंभर मीटर लांब लागेल. जुन्या वाड्याचं किंवा मळ्याचं लोखंडी फाटक आठवा. खांब किंचित कललेला असला की फाटक आपोआप, अगदी रेंगाळत, एका जागी येऊन थांबतं. खांब जितका ओळंब्याच्या जवळ, तितकं रेंगाळणं जास्त. आडवा लंबक म्हणजे हेच फाटक. माझ्याकडच्या लंबकाचा दांडा हातभर लांब आहे. एक टोक उभ्या चौकटीवर टेकवलेलं, दुसऱ्या टोकाला शिशाचं वजन आणि वरून तारेचा ताण. मागचा स्क्रू पाव फेरा फिरवला की झोका बारा सेकंदांवरून अठरावर जातो. आणखी थोडा फिरवला की दांडा एका बाजूला कोसळतो आणि संध्याकाळ वाया जाते.

मिल्नच्या यंत्रातही असाच आडवा लंबक होता, पण त्यात एक मोठी खोट होती. त्याला डॅम्पिंग, म्हणजे झुलणं शमवायची सोय, नव्हतं, त्यामुळे एकदा हललं की आपल्याच लयीत झुलत राही. जमीन किती हलली आणि यंत्र किती, हे वेगळं करता येत नसे. जर्मनीत विखर्टनं त्यावर इलाज केला. १९०६ च्या सुमारास रशियात गॅलित्सिननं लंबकाला तारेचं वेटोळं जोडून ते चुंबकाजवळ आणलं, तेव्हापासून हालचालीची वीज झाली. १९६० च्या दशकात अणुचाचण्यांवर नजर ठेवायला अमेरिकेनं एकसारख्या यंत्रांची शंभरावर केंद्रं उभी केली. त्यांतलं एक पुण्यात होतं.

घरापर्यंत हे पोचलं ते ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या जुलै १९७९ च्या अंकामुळे. जेम्स लेहमन यांची घरी बनवायची रचना त्यातल्या हौशी शास्त्रज्ञांच्या सदरात आली: मिल्नचं फाटक, गॅलित्सिनचं वेटोळं आणि डॅम्पिंगला तेलात बुडवलेली पट्टी. लेहमन हे नाव आजही या छंदात सामान्यनामासारखं वापरतात. पुढे कागदाच्या जागी कॉम्प्युटर आला, तेलाच्या जागी निओडायमियम चुंबक आणि तांब्याचा पत्रा. २०१६ पासून रास्पबेरी शेक नावाची तयार डबी मिळते. ती बरी आहे, मोठ्या दूरच्या भूकंपाचा पी तरंग छान दाखवते, पण वीस सेकंदांच्या झोक्याला फाटकच लागतं असं माझं मत आहे.

नाशिकची अडचण वेगळीच. खाली काळा बेसाल्ट आहे, पण मधे काळी माती. पहिल्या पावसात ती फुगते, लंबकाखालचा ओटा केसभर कलतो आणि दांडा आठवडाभर भरकटत राहतो. हायवेचे ट्रक, मोटार पंप, मिरवणुकीतले ढोल यांचा त्रास तुलनेनं कमी, कारण त्यांची थरथर झटपट असते आणि सुस्त लंबक तिकडे फारसं लक्ष देत नाही. खरी कुरकुर अरबी समुद्राची. जून ते ऑगस्ट लाटांच्या जोरानं जमीन पाच-सात सेकंदांच्या लयीत अखंड हलत असते आणि उन्हाळ्यात बारीक असलेली रेघ सुतळीएवढी जाड होते.

३० जुलै २०२५ ला कामचटकाचा ८.८ चा भूकंप झाला तो अशाच सुतळीच्या दिवसांत. आपल्याकडे पहाटेचे ४:५५ वाजले होते. इथून अंतर सुमारे आठ हजार किलोमीटर. हिशेबानं पी तरंग ५:०६ ला यायला हवा होता, पण समुद्राच्या गजबजाटात मला तो काही ओळखू आला नाही. एस सव्वापाचच्या पुढे आला, स्पष्ट. पी आणि एसमधल्या वेळेवरून अंतर काढतात, तेव्हा माझ्या नोंदीवरून अंतर काढायची सोयच राहिली नाही. मग साडेपाचच्या सुमारास पृष्ठतरंग आले आणि रेघ खालीवर जाऊ लागली, कागदाच्या कडेला लागून तिथेच कापली जाऊ लागली. शिखरं कळलीच नाहीत. गेन, म्हणजे नोंद किती पट मोठी करायची ते प्रमाण, कमी करायला हवा होता, पण पहाटे कोण जागं होतं?