ईमेल संपर्कशोध, उद्योगनिहाय
एखाद्या ठरावीक उद्योगातील संभाव्य ग्राहक-कंपन्या हेरून त्यांतील खरेदीशी संबंधित व्यक्तींचे कार्यालयीन ईमेल पत्ते मिळवणे, पडताळणे व यादी ताजी ठेवणे, या कामास ही संज्ञा लावतात. विक्रीच्या परिभाषेत हे प्रॉस्पेक्टिंगचे पहिले अंग होय. तयार याद्या विकत घेण्याचा मार्गही रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे स्वतः यादी बांधण्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : व्यापारी निर्देशिकांची परंपरा ईमेलपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत उत्पादकांची मालवार यादी देणारे ‘थॉमस रजिस्टर’ १८९८ पासूनचे मानले जाते. ईमेलद्वारा झालेल्या पहिल्या ज्ञात विक्री-संपर्काचे श्रेय सामान्यतः डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांना देतात. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेट या जाळ्याच्या छापील निर्देशिकेतून पश्चिम किनाऱ्यावरील वापरकर्ते निवडून त्यांनी डेकसिस्टम-२० संगणकांच्या प्रात्यक्षिकांचे निमंत्रण पाठवले. तारखेबाबत एकवाक्यता नाही : संदेशाच्या शीर्षभागात १ मे १९७८ असून पोहोच-नोंद ३ मेची आहे. पाठवण्याची तारीख म्हणून ३ मे स्वीकारणे सयुक्तिक दिसते. प्राप्तकर्त्यांची संख्या ३९३, ३९७, ‘सुमारे ४००’ आणि ६०० अशी वेगवेगळी दिली जाते. पत्ते इतके होते की ते शीर्षभागात न मावता मजकुरात उतरले. आकड्यांतील तफावतीचे हे एक कारण असावे. या घटनेस बहुतेक लेखक ‘पहिला स्पॅम’ म्हणतात. तथापि यादी प्रदेशानुसार निवडलेली होती हे लक्षात घेता, लक्ष्यित संपर्कशोधाचे आद्य उदाहरण म्हणूनही तिच्याकडे पाहता येते.

उद्योगाची व्याप्ती : पत्ते शोधण्यापूर्वी कंपन्यांची यादी पक्की करावी लागते. त्यासाठी वर्गीकरण-संकेतांक वापरतात, पण ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या आयएसआयसी वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत वैद्यकीय व दंतवैद्यकीय उपकरणांची निर्मिती ३२५० या एकाच वर्गात येते. उत्तर अमेरिकी नाइक्स वर्गीकरणात शस्त्रक्रियेची उपकरणे ३३९११२, कृत्रिम अवयव व तत्सम साहित्य ३३९११३ आणि दंतोपकरणे ३३९११४ अशी विभागणी आहे. शिवाय संकेतांक कंपनीच्या मुख्य व्यवसायावरून ठरतो, त्यामुळे जोडधंदा म्हणून तेच उत्पादन करणाऱ्या कंपन्या गाळणीतून निसटतात. प्रदर्शनांतील सहभागींच्या याद्या आणि व्यापारी संघटनांच्या सभासद-निर्देशिका यांनी ही उणीव बरीच भरून निघते.

स्रोत : प्रत्येक उद्योगात कायद्याने किंवा रूढीने पत्ता उघड करावा लागणारे काही दस्तऐवज असतात, आणि शोधाचे खरे भांडवल तेच. युरोपीय संघात रसायनांच्या सुरक्षा-माहितीपत्रकाच्या १.३ या उपविभागात पत्रकास जबाबदार असलेल्या सक्षम व्यक्तीचा ईमेल पत्ता द्यावा लागतो. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या वैद्यकीय उपकरणांच्या गूडिड या सार्वजनिक विदागारात ग्राहक-संपर्काचा ईमेल असतो. शोधनिबंधांत पत्रव्यवहारासाठीच्या लेखकाचा, तर सार्वजनिक निविदांच्या सूचनेत खरेदीदार कार्यालयाचा पत्ता मिळतो. युरोपीय संघाच्या २००० सालच्या ई-वाणिज्य निर्देशानुसार ऑनलाइन सेवा देणाऱ्यास स्वतःचा ईमेल उघड ठेवणे बंधनकारक आहे. अर्थात हे पत्ते बहुधा अनुपालन किंवा ग्राहकसेवा विभागाचे असतात, खरेदीप्रमुखाचे नव्हेत. त्यांचा मुख्य उपयोग ईमेलसाठी प्रत्यक्ष वापरात असलेले डोमेन (पत्त्यातील @ नंतरचा भाग) व नावे लिहिण्याची पद्धत कळण्यापुरता. इन्फो, सेल्स, सपोर्ट यांसारखी पदनिष्ठ पत्रपेट्यांची नावे मे १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) नोंदली आहेत.

अनुमान : एकाच डोमेनवरचे दोन-तीन खात्रीचे पत्ते मिळाले की साचा दिसतो : नाव.आडनाव, आद्याक्षर व आडनाव, केवळ नाव इत्यादी. अवतरणचिन्हांत डोमेन लिहून पीडीएफपुरता शोध घेतल्यास असे नमुने लवकर सापडतात. फसगत होते ती अशी : संकेतस्थळाचे डोमेन एक आणि ईमेलचे दुसरे, विलीनीकरणानंतर जुने डोमेन चालूच, समान नावाच्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला जोडलेला अंक, जर्मन ‘यू-उमलाउट’ (ü) हे अक्षर कुठे ‘यूई’ तर कुठे नुसता ‘यू’, दुहेरी आडनावांतील जोडरेघ.

पडताळणी : प्रथम पत्त्याचे व्याकरण पाहतात (@ च्या डावीकडील भाग ६४ ऑक्टेटपेक्षा, म्हणजे आठ बिटांच्या ६४ एककांपेक्षा, मोठा चालत नाही), मग डोमेनची एमएक्स नोंद, म्हणजे त्याचे ईमेल कोणता सर्व्हर घेतो हे सांगणारी नोंद. एमएक्स नसली म्हणून पत्ता लगेच बाद करू नये, कारण आरएफसी ५३२१ प्रमाणे अशा वेळी डोमेनच्या आयपी पत्त्यावर पोच करून पाहायची असते. मात्र आरएफसी ७५०५ (२०१५) मधील ‘शून्य एमएक्स’ आढळल्यास ते डोमेन ईमेल घेतच नाही. पुढची पायरी सर्व्हरशी एसएमटीपी (ईमेल पोचवण्याची प्रमाण पद्धत) संवादाची. तिच्या मूळ मसुद्यातील (आरएफसी ८२१, १९८२) व्हीआरएफवाय ही आज्ञा नेमकी पत्ता पडताळण्यासाठीच होती. पत्ते उपसणाऱ्यांमुळे ती बहुतेक ठिकाणी बंद आहे किंवा २५२ हा मोघम उत्तर-संकेतांक देते. म्हणून प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगणाऱ्या आरसीपीटी टू या आज्ञेपर्यंत जाऊन मजकूर न पाठवता संवाद तोडतात. उत्तरात २५० म्हणजे स्वीकार, ५५० म्हणजे बहुधा अशी पेटी नाही. ४५० किंवा ४५१ हा नकार नव्हे, ग्रेलिस्टिंगमुळे (अनोळखी प्रेषकाला तात्पुरते परतवण्याची रीत) थांबवलेले असू शकते, काही मिनिटांनी पुन्हा विचारावे. खरा पत्ता विचारण्याआधी त्याच डोमेनवर अशक्य वाटणारा अक्षरसमूह विचारून पाहणे आवश्यक. त्यालाही २५० आले तर डोमेन ‘कॅच-ऑल’, म्हणजे कोणताही पत्ता स्वीकारणारे, आहे आणि तेथील कोणत्याही होकाराला किंमत नाही. काही सर्व्हर आधी स्वीकारून नंतर पत्र परत करतात. पुष्कळ क्लाउड सेवा बाहेर जाणारे २५ क्रमांकाचे पोर्ट अडवतात, आणि एकाच आयपीवरून शेकडो चौकश्या केल्यास तो आयपी काळ्या यादीत जातो. स्पॅम-सापळ्याचा (स्पॅम पाठवणारे पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेला) पत्ता तर ही चाचणी हमखास उत्तीर्ण होतो, कारण ती पेटी खरोखर चालू असते. पडताळणी-सेवांच्या ‘वैध’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच घ्यावा की सर्व्हरने नकार दिला नाही.

कायदा व पाठवणी : युरोपीय संघाच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती-संरक्षण नियमानुसार (अंमल २५ मे २०१८) माहिती अन्यत्र मिळवली असेल तर तिचा स्रोत संबंधित व्यक्तीला उशिरात उशिरा पहिल्या संपर्काच्या वेळी सांगावा लागतो. त्याच सुमारास हुइझ या डोमेन-नोंदणीच्या सार्वजनिक सूचीतील नोंदणीधारकांचे पत्ते झाकले गेले व एक जुना स्रोत आटला. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा (अंमल १ जानेवारी २००४) कंपन्या-कंपन्यांमधील ईमेललाही लागू आहे. प्राप्तकर्त्याचा ‘ईमेल नको’ असा नकार आल्यापासून १० कामकाजी दिवसांत तो पाळावा लागतो, आणि मुळात बेकायदा संदेशासाठी पत्ते यंत्राने रचले असल्यास दंड वाढतो. कॅनडात ठळकपणे प्रसिद्ध केलेला पत्ता गर्भित संमती मानतात, पण संदेश त्या व्यक्तीच्या कामाशी निगडित हवा आणि पत्त्याजवळ मनाईची सूचना नको. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांस एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या प्रेषक-डोमेनची सत्यता पटवणाऱ्या तिन्ही व्यवस्था आवश्यक असून स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवावे लागते.

देखभाल : प्रत्येक पत्त्यापुढे स्रोत, मिळाल्याची तारीख व शेवटच्या पडताळणीची तारीख नोंदवतात. नकार देणाऱ्यांचे पत्ते पुसून टाकत नाहीत, ते वेगळ्या प्रतिबंध-यादीत ठेवतात. अन्यथा पुढच्या संकलनात त्याच प्रदर्शन-यादीतून ते पुन्हा आत येतात.